लाल अक्षरे म्हणजे नापास नव्हे



प्रवेशांची धावपळ संपली की आमच्याकडे पालकांच्या फेऱ्या सुरू होतात. फी, वसतिगृह, शिष्यवृत्तीचा फॉर्म, जातवैधतेचे प्रमाणपत्र हे विषय जुनेच आहेत. अलीकडे त्यांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. आई म्हणते, ‘पोरगी बी.एस्सी.ला आहे. कॉलेजात तिला कॉम्प्युटरवर गणिताची कसली तरी भाषा बसवून आणायला सांगितली. दोन दिवस खटाटोप केला, बसत नाही. आता विषयच बदलते म्हणते.’

विषय बदलण्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी हे सदर घरात सर्वांनी मिळून वाचावे, ही विनंती.

घरात नळाला पाणी येत नसेल तर या घरातल्या माणसांना पाणी पिता येत नाही, असे आपण म्हणत नाही. तोटी, वायसर, व्हॉल्व्ह यांत काही तरी अडकलेले असते. संगणकावर भाषा बसवणे हे असेच नळजोडणीचे काम आहे. त्याचा गणिताच्या बुद्धीशी संबंध नाही. परंतु ज्या घरात पहिलेच मूल कॉलेजात गेले आहे, त्या घरात हे सांगायला कोणी नसते. पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर उमटतो आणि मुलाला वाटते की आपण नापास झालो. शेजारच्या बंगल्यातल्या मुलासमोरही तीच लाल अक्षरे उमटतात. फरक एवढाच, की त्याचा काका किंवा मोठा भाऊ फोनवर सांगतो, ‘अरे, असे होतेच, परत कर.’ आजच्या सदरात तो काका आम्ही व्हायचे ठरवले आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. संगणकाला गणित घालायचे तर त्याला कळेल अशा भाषेत आज्ञा लिहाव्या लागतात. शास्त्रज्ञांच्या कामासाठी अशा बऱ्याच भाषा आहेत. त्यांतल्या काही विकत घ्याव्या लागतात. त्यांचा परवाना कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो, घरी नसतो, आणि प्रयोगशाळेला पाच वाजता कुलूप लागते. काही भाषा मात्र फुकट आहेत. पायथन आणि आर या त्यांतल्या जुन्या आणि नावाजलेल्या. जुलिया ही त्यांतली धाकटी. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत जेफ बेझनसन, स्टीफन कार्पिन्स्की, विरल शहा आणि प्रा. ॲलन एडलमन या चौघांनी २००९ मध्ये तिचे काम हाती घेतले आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये ती जगासमोर ठेवली. यांतले विरल शहा भारतीय आहेत आणि आधारच्या उभारणीतही त्यांनी काम केले आहे. बेझनसन, कार्पिन्स्की आणि शहा या तिघांना २०१९ मध्ये या भाषेसाठी विल्किन्सन पारितोषिक मिळाले. त्यांचे दुखणे साधे होते. सोप्या भाषेत लिहावे तर गणित हळू चालते, वेगाने चालवायचे तर अवघड भाषेत पुन्हा लिहावे लागते. एकच काम दोनदा का करायचे? त्या हट्टातून जुलिया निघाली. ती वापरायला एक पैसा लागत नाही, परवाना लागत नाही, आणि ती बसवली म्हणून कोणी नोटीस पाठवत नाही.

आता वहीकडे येऊ. पूर्वीच्या पद्धतीत सगळा कार्यक्रम एका फाइलीत लिहायचा, चालवायचा आणि शेवटी एकदम उत्तर बघायचे. चूक कोठे झाली ते शोधत बसायचे. वहीत तसे नसते. शाळेत गणिताच्या वहीत आपण एक पायरी लिहितो, तिच्याखाली उत्तर, मग दुसरी पायरी. समासात टीप लिहितो, आलेख चिकटवतो. ही वही तशीच, पण ब्राऊझरमध्ये उघडणारी. एका चौकटीत आज्ञा लिहिली की उत्तर तिच्या खालीच उमटते. आकडा बदलला, पुन्हा चालवली, उत्तर बदलले. मधल्या चौकटींत मराठीतून स्पष्टीकरण लिहिता येते. म्हणजे नुसते उत्तर नव्हे, उत्तर कसे आले तेही समोर राहते. आमचे आयुष्य कचेरीच्या हिशेबात गेले. बेरीज बरोबर असूनही तिच्या मागचे कागद नसतील तर ती बेरीज कोणी मानत नाही, हे आम्हांस चांगले ठाऊक आहे.

या वहीचे नाव ज्युपिटर. जुलिया, पायथन आणि आर या तीन भाषांच्या नावांतून ते जुळवले आहे, आणि गुरू ग्रहाचे इंग्रजी नावही त्यात ऐकू येते. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे उपग्रह पाहिले आणि रोजच्या नोंदी वहीत करून ठेवल्या, त्याची ही आठवण आहे. मूळ काम फर्नांडो पेरेझ या कोलंबियाच्या विद्यार्थ्याचे. भौतिकशास्त्रात पीएच.डी. करीत असताना २००१ साली त्याने स्वतःच्या सोयीसाठी एक छोटे साधन केले. त्यातून २०११ मध्ये वही आली आणि २०१४ मध्ये तिला ज्युपिटर हे नाव पडले.

ही गोष्ट परदेशातली आणि आपल्या कामाची नाही, असे कोणी म्हणू नये. गुरुत्वीय लहरींचा पहिला संकेत सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी टिपला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तो जाहीर केला. त्या वेळी त्यांनी नुसता लेख छापला नाही. यंत्राने टिपलेले आकडे आणि ते कसे तपासायचे हे दाखवणारी ज्युपिटरची वही, दोन्ही सर्वांसाठी खुली केली. पुण्याच्या आयुका संस्थेतले शास्त्रज्ञ त्या कामात होते. तशीच वेधशाळा आता आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ परिसरात व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिथे इमारत बांधायला आपली माणसे जातीलच, ती नेहमीच जातात. आत बसून आकडे वाचायलाही गेली पाहिजेत. आणि त्या कामाची पहिली वही कोल्हापूरच्या मुलीला आजच घरी उघडून पाहता येते.

आता प्रत्यक्ष काम. ज्या आज्ञा टाईप करायच्या त्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या. आम्ही इथे उच्चार देतो, मुले समजून घेतील.

जुलियाच्या अधिकृत संकेतस्थळावर जावे, जुलियालँग डॉट ऑर्ग. कोणी पेनड्राइव्हवर आणून दिलेली जुनी प्रत घेऊ नये. विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनही ती मिळते. लिनक्स असेल तर संकेतस्थळावर एक ओळ दिलेली आहे, तीच वापरावी. ही भाषा वापरणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात बसते, त्यामुळे बहुधा पासवर्डवाल्या साहेबाची परवानगी लागत नाही. बसल्यावर ती उघडली की काळी खिडकी येते आणि तीत हिरव्या अक्षरांत ‘जुलिया’ असे दिसते. इथपर्यंत आलात म्हणजे निम्मी वाट संपली.

मग उजवीकडचा चौकोनी कंस ] ही कळ दाबायची. हिरवे नाव जाऊन निळे येते. ही भाषेची कोठीघराची बाजू समजावी, इथून सामान मागवता येते. ‘ॲड’ लिहून जागा सोडावी आणि ‘आयजुलिया’ लिहावे. या शब्दात आय आणि जे ही दोन अक्षरे मोठ्या लिपीत आणि बाकीची लहान. इथेच निम्मी मुले अडकतात, कारण या भाषेला मोठे आणि लहान अक्षर वेगळे वाटते. एंटर दाबल्यावर पडद्यावरून ओळींची मिरवणूक सुरू होते. ती थांबेपर्यंत हात लावायचा नाही. संपली की मागे जाण्याची कळ दाबून पुन्हा हिरव्या नावावर यायचे. ‘यूझिंग आयजुलिया’ लिहून एंटर, आणि मग ‘नोटबुक’ लिहून त्यापुढे गोल कंसांची रिकामी जोडी आणि पुन्हा एंटर. पहिल्या वेळी संगणक विचारतो की ज्युपिटर सापडत नाही, बसवू का? वाय दाबून हो म्हणावे. त्यानंतर पुन्हा थांबायचे. चहा करून पिऊन होईल इतका वेळ लागतो, जुना संगणक असेल तर जेवणही होते. शेवटी ब्राऊझर आपोआप उघडतो. त्यात नवीन वही निवडताना जुलियाचे नाव निवडायचे. चौकटीत दोन अधिक दोन लिहून शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबायचे. चार आले की बसले.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हे करणार असाल तर एक-दीड जीबी डेटा शिल्लक ठेवा. मधेच नेट गेले तर घाबरू नये, तीच आज्ञा पुन्हा द्यावी. एकदा बसल्यावर मात्र वही चालवायला नेट लागत नाही. ब्राऊझर उघडतो म्हणून पुष्कळांना वाटते की हे इंटरनेटवर चालले आहे. तसे नसते. वर पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’ लिहिलेले असते, म्हणजे याच संगणकाचे घर. वही सरकारी कचेरीसारखी आहे. ब्राऊझर ही खिडकी. खिडकीत अर्ज दिला तरी काम आत बसलेला कारकून करतो. त्या कारकुनाला कर्नल म्हणतात. काळी खिडकी बंद केली की कारकून घरी गेला, मग खिडकीवर कितीही अर्ज ठोका, उत्तर येत नाही. म्हणून काम संपेपर्यंत ती बंद करायची नाही. कारकून झोपलाच तर कर्नलच्या यादीत ‘रीस्टार्ट’ आहे.

आणखी एक खोच लक्षात ठेवा. विंडोजमध्ये वापरणाऱ्याच्या नावात मोकळी जागा असेल किंवा ते नाव मराठी अक्षरांत असेल, तर ज्युपिटर बसताना घोळ होऊ शकतो. अशा वेळी इंग्रजीत, जागा न सोडता, नवीन खाते उघडून त्यात बसवावे. आणि वहीने जुलियाचे नावच दाखवले नाही, तर निळ्या बाजूला जाऊन ‘बिल्ड आयजुलिया’ म्हणावे.

लाल अक्षरे आली तर काय? पहिली ओळ वाचावी. जुलियात बहुधा पहिल्याच ओळीत खरे कारण असते, खालची वीस ओळींची शेपटी नवशिक्याने सोडून द्यावी. ‘अनडेफ व्हार एरर’ असे दिसले तर अर्थ एवढाच की तुम्ही ज्या नावाने हाक मारली त्या नावाचे इथे कोणी नाही. बहुधा स्पेलिंग चुकलेले असते, किंवा वरची चौकट चालवायची राहिलेली असते. हा संदेश वहीत उतरवून घ्यावा, त्यापुढे काय केल्याने सुटले ते लिहावे. अशी दहा-बारा पाने भरली की तीच मुलगी वस्तीतल्या दुसऱ्यांची मावशी होते.

आता एक गंमत, आणि ती आम्हांस फार मोलाची वाटते. जुलियात आकड्यांना दिलेली नावे मराठीत असली तरी चालतात. ‘पाणी’, ‘पगार’, ‘दरवाजे’ अशी नावे देवनागरीत लिहून हिशेब करता येतो. फक्त आकडे इंग्रजी पद्धतीचे लागतात आणि भाषेचे स्वतःचे शब्द इंग्रजीच राहतात. ज्या मुलाचे सारे शिक्षण नगरपालिकेच्या मराठी शाळेत झाले, त्याच्या डोक्यावरचा निम्मा भार यामुळे उतरतो.

कोल्हापूरच्या घरात उदाहरण पुण्या-मुंबईचे कशाला हवे? राधानगरी धरण घ्या. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी भरले की ते आपले आपण उघडतात आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटते, म्हणजे सेकंदाला १,४२८ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३२ लिटर. पहिल्या चौकटीत ‘दरवाजे’ बरोबर एक लिहा, दुसऱ्या चौकटीत गुणाकार. उत्तर येते सुमारे ४० हजार ४४० लिटर. दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला! आता वरच्या चौकटीत एकाच्या जागी सात करा आणि दोन्ही चौकटी पुन्हा चालवा. २ लाख ८३ हजारांवर जाते. ‘आणखी दरवाजे उघडले’ ही बातमी ऐकून ज्या आईने मध्यरात्री गाठोडे बांधले आहे, तिला हा आकडा मुलाने दाखवला तर वहीचा उपयोग तिला कोणी वेगळा समजावून सांगायला नको.

पुढची पायरी राजाराम बंधाऱ्याची. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. पावसाळ्यात बंधाऱ्याची पातळी रोज वर्तमानपत्रात येते. ती दिवसागणिक वहीत उतरवायची, दिवस आडवे आणि फूट उभे असा आलेख काढायचा, आणि ३९ व ४३ वर दोन आडव्या रेघा मारायच्या. आलेखासाठी ‘प्लॉट्स’ नावाचे सामान वेगळे मागवावे लागते. पहिला आलेख यायला वेळ लागतो, कारण ही भाषा पहिल्या वेळी आज्ञेचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करून घेते. त्यानंतरचे भराभर येतात. या आलेखाने पूर सांगता येईल असे मात्र कोणी समजू नये. पंचगंगेत भोगावतीबरोबर कासारी, कुंभी आणि तुळशीचेही पाणी येते. पण पाणी दिवसाला किती फूट चढते आहे आणि चढण्याचा वेग वाढतो की मंदावतो, हे कळते. सामान माळ्यावर टाकायचे की घर सोडायचे, हा विचार करायला तेवढेही उपयोगी पडते. प्रशासनाची सूचना आली की वही मिटून निघायचे, हे सांगायला नकोच.

या वहीत एक खोटही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. चौकटी कोणत्याही क्रमाने चालवता येतात. तिसरी आधी, पहिली नंतर. त्यामुळे वर दरवाजे सात दिसतात आणि खालचे उत्तर अजून एका दरवाजाचे असते, असे घडते. चौकटीशेजारी कंसात जो आकडा येतो तो चालवण्याचा क्रम असतो, त्यावर नजर ठेवावी. वही सरांना देण्यापूर्वी कर्नल नव्याने सुरू करून सगळ्या चौकटी वरून खाली एकदा चालवाव्यात. ज्यांना ही कटकट नको त्यांच्यासाठी जुलियाची प्लुटो नावाची दुसरी वही आहे. तीत एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आपोआप बदलते, आणि ती बसवायलाही सोपी आहे. कॉलेजात ज्युपिटरच मागितले असेल तर मात्र तेच द्यावे.

खर्चाविषयी चार शब्द. एका पालकाने पतपेढीतून कर्ज काढून मुलाला चाळीस हजारांच्या ‘डेटा सायन्स’ क्लासला घातले. पहिले पाच आठवडे तिथे वर लिहिले तेच चालले होते. सर्वच क्लास वाईट असे आमचे म्हणणे नाही, पण कर्ज काढण्यापूर्वी फुकट काय मिळते ते पाहावे. पवईच्या आय.आय.टी.ने प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या पैशातून ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा उपक्रम उभा केला. साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ, ऐकत ऐकत स्वतः करून पाहायचे, आणि त्यांतले पुष्कळ मराठी आवाजात. लिनक्स, पायथन, सायलॅब अशा विषयांपासून सुरुवात करता येईल. तिथल्याच ‘फॉसी’ प्रकल्पाने विद्यार्थ्यांकडून पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये आणि पायथनच्या वह्यांमध्ये लिहून घेतली आणि त्याबद्दल मानधनही दिले. आमच्या मते कोणत्याही क्लासच्या प्रमाणपत्रापेक्षा स्वतःच्या पुस्तकातले एक प्रकरण असे सोडवून काढणे अधिक कामाचे.

संगणक नवा लागत नाही. चार जीबी मेमरीचा जुना चालतो, आठ असेल तर बरे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली, त्यामुळे कचेऱ्यांतून असे संगणक आता मोडीत निघत आहेत. त्यांवर फुकटचे लिनक्स टाकले की ते अभ्यासासाठी पुष्कळ दिवस चालतील. ज्यांच्या कार्यालयात अशी मोड निघते त्यांनी ती रीतसर मागून वस्तीच्या अभ्यासिकेत आणावी. घरात फक्त मोबाईल असेल तर गुगलच्या कोलॅब सेवेत वही ब्राऊझरमध्येच उघडते. पायथन तिथे पहिल्यापासून आहे, २०२५ पासून जुलियाही आहे. मात्र तिला सतत नेट लागते आणि बोटांनी आज्ञा टाईप करणे जिकिरीचे होते.

अभ्यासिकेत संगणक आला की पहिल्या आठवड्यातच तो चार दांडग्या मुलांच्या ताब्यात जातो आणि त्यावर क्रिकेटचे खेळ सुरू होतात. म्हणून पहिल्याच दिवशी पाळ्यांचा तक्ता करून दारावर लावावा. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ मुलींची ठेवावी. त्या वेळी धुणीभांडी, धाकट्या भावंडांचा अभ्यास आणि स्वयंपाक तिच्या वाट्याला येत असेल, तर त्या दोन तासांपुरते ते दुसऱ्या कोणी करायचे. कोणी, ते घरातल्यांनी आपसांत ठरवावे आणि त्याचे नावही त्याच तक्त्यात लिहावे.